दुकानातली पहिली नोकरी: मॉल, सुपरमार्केटच्या इंटरव्ह्यूला जाताना काय तयारी करायची

बारावी झालीये, कॉलेज चालू आहे नाहीतर मध्येच सुटलंय, आणि झुडिओ, ट्रेंड्स, डीमार्ट, क्रोमा असल्या ठिकाणी फ्लोअरवर (म्हणजे दुकानात गिऱ्हाइकांना माल दाखवायला) किंवा बिलिंगला लागायचंय, त्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. मी पुण्यात कपड्यांच्या स्टोअरमध्ये फ्लोअरवरूनच सुरुवात केली आणि आता इंटरव्ह्यू घ्यायला मलाच बसवतात, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू बघून झाल्यात.

सगळ्यात आधी एक गोष्ट. ही परीक्षा नाहीये. समोर बसलेल्या मॅनेजरला तुमचं जनरल नॉलेज नको असतं, त्याच्या डोक्यात एकच चालू असतं की हे पोरगं टिकणार का. कारण होतं काय, नवीन मुलगा घेतला, आयडी बनवला, टी-शर्ट दिला, आठवडाभर कुणाला तरी त्याच्यासोबत फिरवलं, आणि पहिला पगार खात्यात पडला की गडी फोनच उचलत नाही, मग शनिवार-रविवारच्या गर्दीत चार माणसांचं काम तीन जण ओढतात आणि वरून एरिया मॅनेजर विचारतो की सेल का पडला. हे ज्याच्या बाबतीत दर दोन-तीन महिन्यांनी होतं तो माणूस तुमचे मार्क बघेल का? म्हणून पुढची सगळी तयारी त्या एका शंकेभोवती करायचीये, रोज येईन, वेळेत येईन, उभा राहीन, अनोळखी माणसाशी नीट बोलेन. बाकी सगळं आत गेल्यावर शिकवतात.

पहिलं काम: कुठे आणि कधी जायचं

ऑनलाइन अर्ज भरा, पण त्याच्यावर बसून राहू नका. फ्लोअरच्या जागा बऱ्याचदा स्टोअर लेव्हलला भरतात, काचेवर कागद लावलेला असतो नाहीतर आतल्याच कुणीतरी मित्राला सांगितलेलं असतं. बायोडाटा घेऊन सरळ स्टोअरमध्ये जा. फक्त वेळ बघून जा, शनिवारी संध्याकाळी सात वाजता बिलिंगला रांग लागलेली असताना 'मॅनेजर सर आहेत का' विचारायला गेलात तर सिक्युरिटीवालाच परत पाठवेल. मंगळवार ते गुरुवार, दुपारी बारा ते चार, ही शांत वेळ असते, तेव्हा मॅनेजर फ्लोअरवरच सापडतो. आणि सीझन बघा. गणपतीच्या आसपास दसरा-दिवाळीची भरती सुरू होते, जून-जुलैच्या सेलच्या आधी पण माणसं लागतात. दिवाळीच्या चार दिवस आधी जाऊन उपयोग नाही, तोपर्यंत जागा भरलेल्या असतात.

बायोडाटा एक पान पुरे. नाव, पत्ता (एरिया स्पष्ट लिहा, तो आधी बघतात), शिक्षण, भाषा, आधी काही काम केलं असेल तर ते, मोबाइल नंबर. 'टू अचीव्ह अ चॅलेंजिंग पोझिशन' वगैरे सायबर कॅफेवाल्याने टाकलेलं वाक्य काढून टाका, ते प्रत्येकाच्याच बायोडाटावर असतं आणि कुणीही वाचत नाही. नंबर दोनदा तपासा. आणि अनोळखी नंबरवरून फोन आला तर उचला हो! आम्ही फोन करतो तेव्हा निम्मी मुलं तो उचलत नाहीत आणि मग संध्याकाळी मेसेज करतात 'हू आर यू'.

कागदपत्रं, पटकन

आधार, पॅन, दहावी-बारावीचं मार्कशीट, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, पासपोर्ट साइझ फोटो चार. आधी कुठे पीएफ कापला जात असेल तर यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर. मूळ मार्कशीट दाखवायला न्या, पण कुणाच्याही ताब्यात ठेवू नका, 'जॉब सोडताना परत देऊ' म्हणणाऱ्या ठिकाणी तर अजिबातच नाही. आधारच्या झेरॉक्सवर 'फक्त नोकरीच्या अर्जासाठी' आणि तारीख लिहून सही करायची सवय लावा. आणि रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, युनिफॉर्मचे आधी पैसे, असलं काही फोनवर कुणी मागितलं तर समजून जा की ती नोकरी नाहीये. चांगली कंपनी नोकरी द्यायचे पैसे घेत नाही. मॅनपॉवर एजन्सीमार्फत भरती होते हे खरंय, पण एजन्सीला पैसे कंपनी देते.

आदल्या दिवशी गिऱ्हाईक बनून जा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त फरक हिच्यानेच पडतो. ज्या स्टोअरमध्ये इंटरव्ह्यू आहे तिथे आदल्या दिवशी अर्धा-पाऊण तास नुसतं फिरा. काय बघायचं? आत शिरल्यावर पहिल्यांदा डोळ्यासमोर काय ठेवलंय, कुठल्या सेक्शनला गर्दी आहे, किमती साधारण कुठल्या रेंजच्या आहेत, ट्रायल रूमच्या बाहेर किती कपड्यांचा ढीग पडलाय, बिलिंगचे किती काउंटर चालू आहेत, स्टाफ गिऱ्हाइकाशी कुठल्या भाषेत बोलतो, त्यांच्या अंगावर कसले कपडे आणि पायात कसले बूट आहेत. एखाद्याला सहज विचारा, दादा हे मीडियममध्ये आहे का, आणि तो काय करतो ते बघा, नुसतं बोट दाखवतो की सोबत येतो.

दुसऱ्या दिवशी 'आमच्याबद्दल काय माहीत आहे' असा प्रश्न येतोच. तेव्हा गुगलवरून पाठ केलेलं म्हणण्यापेक्षा 'सर काल मी येऊन बघून गेलो, किड्स सेक्शनला खूप गर्दी होती, आणि ट्रायल रूमपाशी कपडे साठले होते' असं म्हणालात तर मॅनेजर सरसावून बसतो. एवढंच की दोष काढल्यासारखं बोलू नका, दिसलं ते सांगा आणि 'मला दिलं तर मी ते परत जागेवर लावायचं काम करेन' एवढं जोडा.

कंपनीची जुजबी माहिती असू द्या. झुडिओ आणि वेस्टसाइड दोन्ही टाटांच्या ट्रेंट कंपनीचे, आणि झुडिओत सगळा माल त्यांच्याच ब्रँडचा असतो. क्रोमा पण टाटांचंच, २००६ पासून. डीमार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये मुंबईत पवईला निघालं, राधाकिशन दमाणींचं. पॅन्टलून्स आदित्य बिर्लाचं, ट्रेंड्स आणि स्मार्ट रिलायन्सचं. बास, एवढं पुरे. मालकाची संपत्ती किती हे कुणी विचारत नाही.

ठरलेले प्रश्न

'स्वतःबद्दल सांग.' इथे पोरं 'माय नेम इज' करून अडखळतात आणि तिसऱ्या वाक्याला घाम फुटतो. इंग्रजी येत नसेल तर मराठीत किंवा हिंदीत बोला, सर मी मराठीत सांगू का असं आधी विचारलं की झालं. फ्लोअरला महाराष्ट्रात मराठी आणि हिंदी लागतेच, इंग्रजी साइझ, कलर, ऑफर, एक्स्चेंज एवढी कळली तरी सुरुवातीला चालतं (विमाननगर-कोरेगाव पार्कसारख्या भागात थोडी जास्त लागते, खोटं कशाला बोलू). एक मिनिटात संपेल असं उत्तर तयार ठेवा. उदाहरणार्थ, 'सर मी मूळचा परभणीचा, बारावी कॉमर्स झालोय, आता हडपसरला मावशीकडे राहतो, इथून बसने वीस मिनिटं. गावी काकांच्या किराणा दुकानात सुट्टीत बसायचो, त्यामुळे गिऱ्हाइकाची सवय आहे. पूर्ण वेळ काम करायचंय.' बघा, यात मॅनेजरला हवं ते सगळं आलं, कुठे राहतो, कसा येणार, आधी काय केलंय. काकांचं दुकान, रसवंती, मेडिकलमध्ये काढलेले महिने, गणपतीत लावलेला स्टॉल, लग्नात वाढप्याचं काम, हे सगळं अनुभवात धरायचं, लाजू नका. मला तर दुकानात बसलेलं पोरगं एमबीएवाल्यापेक्षा बरं वाटतं.

'किती वाजेपर्यंत थांबू शकतोस?' हा खरा प्रश्न. मॉलमधली सेकंड शिफ्ट साधारण दुपारी एकची आणि रात्री दहाला शटर खाली, पण दहाला घरी निघता येत नाही, कपडे घडी घालायचे, कॅश जुळवायची, साडेदहा सहज होतात. त्या वेळेला तुमच्या रूटवर पीएमपीची (शहर) बस असते का, लोकल असेल तर शेवटची कितीची, गाडी आहे का, हे घरीच तपासून जा. 'हो सर मॅनेज करेन' हे उत्तर आम्ही रोज ऐकतो आणि त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. 'शेवटची बस पावणेअकराची आहे, ती चुकली तर भाऊ न्यायला येतो' असं म्हणालात की विषय संपला. मुलींनी तर हे घरी आधीच बोलून घ्या, कारण जॉइन झाल्यावर चौथ्या दिवशी वडिलांचा फोन येतो आणि सगळ्यांचीच पंचाईत होते. कायद्याने रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर थांबवायचं तर तिची संमती लागते आणि घरापर्यंत पोचवायची सोय करावी लागते, हे विचारायला बिचकू नका.

'शनिवार-रविवार सुट्टी मिळणार नाही, चालेल?' चालणार नसेल तर ही लाइनच सोडा. वीक ऑफ आठवड्याच्या मधल्या दिवशी असतो, आणि दिवाळीत, पाडव्याला, १५ ऑगस्टच्या सेलला सगळ्यांनी हजर पाहिजे. ज्या दिवशी सगळं घर फराळाला बसलेलं असतं त्या दिवशी तुम्ही एक्सएल साइझ शोधत असता. मला पहिली दोन वर्षं याचं फार वाईट वाटायचं, मग सवय झाली, पण आधी माहीत असलेलं बरं.

'एमपीएससी करतोस का?' पुण्यात हा प्रश्न हमखास. पोलीस भरती, तलाठी, बँकिंग, अर्धं शहर कशाची ना कशाची तयारी करतंय. मुलं घाबरून नाही म्हणतात आणि मग परीक्षेच्या महिन्यात एकदम गायब. माझं मत विचाराल तर खरं सांगा, पण सोबत हिशोबही सांगा: 'हो सर, सकाळी अभ्यास करतो म्हणून सेकंड शिफ्ट मिळाली तर बरं, परीक्षेच्या वेळी आठ दिवस आधी सांगून दोन दिवस सुट्टी लागेल, बाकी वर्षभर आहे.' कॉलेज चालू असेल तरी असंच, परीक्षा साधारण कुठल्या महिन्यात ते सांगून टाका. काही मॅनेजर तरीही नको म्हणतील. म्हणू देत, पार्ट टाइम घेणारी स्टोअर्स पण असतात, तिथे जा.

'आधीची नोकरी का सोडली?' आधीच्या मालकाची उणीदुणी काढू नका. लांब पडायचं, पगार वेळेवर होत नव्हता, दुकान बंद झालं, जे असेल ते एका वाक्यात. ताणलंत की समोरच्याला वाटतं उद्या हा माझ्याबद्दल पण असंच सांगत फिरणार.

'समजा असं झालं तर' वाले प्रश्न

इथे उत्तर बरोबर की चूक यापेक्षा तुम्ही तापता का ते बघतात. गिऱ्हाईक ओरडतंय की शेल्फवर ५९९ लिहिलंय आणि बिलात ७९९ लागले. काय कराल? वाद घालायचा नाही, तुम्हीच चुकीचं वाचलंत म्हणायचं नाही, 'एक मिनिट सर, बघून सांगतो' म्हणून टॅग तपासायचा आणि सीनियरला बोलवायचं. स्वतःच्या मनाने डिस्काउंट कबूल करायचा नाही. पॅकेटवर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही, तो सगळे कर धरून असतो, हे माहीत असू द्या.

कुणी ट्रायल रूममधून कपडा पिशवीत घालताना दिसलं तर? खूप जण जोशात 'पकडेन सर' म्हणतात. नको! हात लावायचा नाही, चोर म्हणायचं नाही, सिक्युरिटीला किंवा मॅनेजरला हळूच सांगायचं. नुसत्या संशयावरून गिऱ्हाइकाला अडवलं आणि त्याच्याकडे काहीच निघालं नाही तर केवढा तमाशा होतो ते मी बघितलंय.

साइझ नाहीये, आता? 'नाही आहे' म्हणून पाठ फिरवणं हे चुकीचं उत्तर. दुसरा रंग, तसाच दुसरा पॅटर्न, गोडाऊनमध्ये बघून येतो, दुसऱ्या ब्रँचला विचारतो. सुपरमार्केटला विचारतात की नवीन आलेलं दूध किंवा बिस्किटं शेल्फवर कुठे ठेवशील, तर मागे, आणि आधी एक्सपायर होणारा माल पुढे. घरात आई डबे लावताना हेच करते.

आणि एक नाजूक प्रश्न: मित्र आला आणि म्हणाला तुझा स्टाफ डिस्काउंट लावून दे. उत्तर नाही हेच. स्टाफ डिस्काउंट दुसऱ्यासाठी वापरला म्हणून नोकऱ्या गेल्यात.

थोडा हिशोब

बिलिंगला लागायचं असेल तर तोंडी हिशोब लागतो, मशीन असलं तरी. बिल ७६३ झालं आणि गिऱ्हाइकाने १०१३ दिले, तर ते चुकून दिलेले नाहीत, त्याला २५० सुटसुटीत परत हवेत. ४० टक्के आणि वर १० टक्के म्हणजे ५० टक्के होत नाही: १००० चे आधी ६००, मग त्या ६०० वर १० टक्के म्हणजे ५४०. हा प्रश्न मी स्वतः विचारतो आणि दहातले बरेच जण ५०० म्हणतात. 'दोनवर एक फ्री', प्रत्येकी ३९९, म्हणजे तीन नग ७९८ ला, एक पडला २६६ ला. घरी असे पाच-सहा हिशोब बोटांवर करून जा.

कपडे

फॉर्मल शर्ट, काळी पँट, काळे बूट. नवीन घ्यायची गरज नाही, इस्त्री केलेले असले की झालं. मुलींना साधा कुर्ता-लेगिंग किंवा फॉर्मल, केस बांधलेले. दाढी एकतर नीट राखलेली किंवा काढलेली, नखं कापलेली, सेंट कमी, तोंडात गुटखा-मावा नको (सांगावं लागतं!). बुटांवर मात्र खर्च करा कारण ड्युटीला आठ-नऊ तासांतला बराचसा वेळ उभंच राहायचं असतं, पहिल्या आठवड्यात टाचा आणि पोटऱ्या बोलायला लागतात. आधी चार दिवस घरी तेच बूट घालून दोन-तीन तास उभ्याने कामं करून बघा. पाठीचा किंवा पायाचा काही त्रास असेल तर आधीच सांगा, बिलिंगला किंवा गोडाऊनला सोय होऊ शकते.

पगाराचं बोलणं

शेवटी 'तुला काही विचारायचंय?' म्हणतात तेव्हा गप्प बसू नका. हातात किती येतील, हे स्पष्ट विचारा, सीटीसीच्या (कंपनीला तुमच्यावर होणारा एकूण खर्च) आकड्यावर जाऊ नका, त्यात कंपनीचा पीएफचा वाटा वगैरे सगळं धरलेलं असतं. समजा ग्रॉस (काही कापायच्या आधीचा पगार) १६,००० आणि त्यात बेसिक म्हणजे मूळ पगार १२,०००. बेसिकवर १२ टक्के पीएफ म्हणजे १४४० गेले, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) ग्रॉसवर ०.७५ टक्के म्हणजे १२०, प्रोफेशनल टॅक्स २००, हातात आले १४,२४० (फेब्रुवारीत टॅक्स ३०० कापतात, आणि महाराष्ट्रात बायकांना २५,००० पगारापर्यंत तो लागतच नाही). कापले म्हणून वाईट वाटून घेऊ नका, पीएफचे पैसे तुमचेच आहेत आणि ईएसआयमध्ये घरच्यांचाही दवाखाना होतो, ग्रॉस २१,००० पर्यंत असेल तोवर. उलट 'आमच्याकडे काही कापत नाही, कॅश देतो' म्हणणाऱ्यापासून जरा लांब राहा.

अजून विचारायचं: कंपनीच्या पेरोलवर की एजन्सीच्या, पगाराची तारीख कुठली, टार्गेट इन्सेंटिव्ह आहे का आणि तो एकट्याला की टीमला, युनिफॉर्मचे पैसे पगारातून कापतात का, ट्रेनिंगच्या दिवसांचा पगार मिळतो का, जेवणाची सुट्टी किती. आठवड्याला ४८ तास ही आपल्याकडे कायद्याची मर्यादा आहे, त्याच्या वरच्या कामाला दुप्पट दराने ओव्हरटाइम. सणाच्या दिवसांत थांबावं लागतंच, म्हणून आधी विचारा की जास्तीचे तास लिहून घेता का आणि त्याचे पैसे मिळतात की बदली सुट्टी. हे नम्रपणे विचारलं तर कुणी नाराज होत नाही, आणि नाराज झाला तर तेही कळलं.

हो म्हणाले तर जॉइनिंग लेटर किंवा निदान मेल घ्या, त्यात पगार, पद आणि तारीख असली पाहिजे. 'उद्यापासून ये, लेटर नंतर बघू' म्हणाले तर एक-दोन दिवस ठीक, पण आठवडा झाला तरी कागद नसेल तर एचआरला लेखी विचारा, व्हॉट्सअॅपवर का होईना. तुमची हजेरी कुठे लागते तेही पहिल्याच दिवशी बघून घ्या, बायोमेट्रिक की रजिस्टर, आणि रजिस्टर असेल तर स्वतःच्या मोबाइलमध्ये आत-बाहेरची वेळ रोज टिपून ठेवा.

फोन आला नाही तर तीन-चार दिवसांनी दुपारच्या वेळेत स्वतः एक फोन करा, रोज नको. आणि त्याच मॉलमध्ये दोन मजले वर अजून पाच दुकानं आहेत, बायोडाटाच्या झेरॉक्स जास्तीच्या काढलेल्या असतीलच, त्याच दिवशी तिथेही देऊन या.